सलगमचं बी

अर्लीथाच्या घरामागं आता तंबाखू नाही. रताळी आहेत, आणि तीही दुसऱ्याच कुणी लावलेली. एक लांबलचक यंत्र येतं, दिवसात रान मोकळं करून जातं, गड्यामाणसाचं तोंडसुद्धा दिसत नाही. पानं सुकवायचं लाकडी कोठार मात्र अजून उभं आहे. पत्रा एका अंगानं उचकटलाय, भिंतीवर वेल चढलेत. तरी दुपारचं ऊन तापलं की फळ्यांतून जुन्या पानांचा गोडसर वास येतोच. अर्लीथा सत्तरीच्या पुढं गेली. ऑगस्ट लागला की ती खुर्ची तिकडं तोंड करून मांडते. लेकीला वाटतं, म्हातारीला सावली हवी असते. असू दे, तसं वाटू दे.

त्या काळी नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या पूर्वेकडच्या भागात मोठ्या जमीनवाल्यांनी पानं सुकवायच्या लोखंडी भट्ट्या आणल्या होत्या. काळ्या लोकांची लहान लहान रानं, त्यांच्याकडं कुठल्या भट्ट्या? तीन घरांनी मात्र जुनी सावड टिकवून धरली होती. सोमवारी अर्लीथा आणि तिचा नवरा थर्मन, त्यांची तंबाखू, बुधवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रॉयस्टरची, शुक्रवारी मोझेलमावशीची. ज्याचं रान त्यानं दुपारचं जेवण घालायचं, ही रीत. मजुरी कुणी कुणाला विचारायची नाही, पण जेवणात कसूर झाली तर पुढची दहा वर्षं बोलणी खावी लागत. डीकनच्या बायकोनं एका साली कोंबडी कमी शिजवली होती, तर ती चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहिली की मागून कुणीतरी हळूच कॉक-कॉक करायचं. असली माणसं.

अर्लीथाच्या हातचा मक्याचा पाव तीन घरांत नावाजलेला होता. बिडाच्या तव्यात, डुकराची चरबी तापवून, कड कुरकुरीत आणि आत मऊ. पुरुषमंडळी रानातून वाकून वाकून पानं तोडून आली, की हात धुवायच्या आधी तव्याकडं बघायची.

सत्त्याऐंशी साल होतं. त्या साली फेब्रुवारीत तिचा धाकटा भाऊ यूलिस न्यूयॉर्कहून परत आला. तिकडं तो शिंपीकाम करायचा, गाणाऱ्या बायकांचे झगे शिवायचा. गेला तेव्हा दाराची चौकट भरेल असा गडी होता. आला तेव्हा थर्मननं त्याला बसमधून उचलून उतरवला, आणि घरी आल्यावर कोठाराच्या आड जाऊन रडला. यूलिसबरोबर एक पेटी होती आणि शिवणयंत्र.

एड्स हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. 'छाती' म्हणत. 'यूलिसची छाती बरी न्हाई.' चर्चमध्येही छातीसाठीच प्रार्थना झाली, आणि सगळ्यांनी मान खाली घालून केली.

मोझेलमावशी रोज यायची. अडुसष्ट वर्षांची, काटक, तोंडानं तिखट. अर्लीथाची सख्खी मावशी नव्हे, पण अख्ख्या वस्तीची मावशी. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती, यूलिससुद्धा. ती त्याच्या उशाशी बसून त्याला शिव्या घालायची.

"काय खायाचं म्हनतोस? सलगमच्या पाल्याची भाजी?"

"व्हय मावशी. चांगली खारं मांस घालून. तिकडं मिळत न्हाई तसली."

"आरं, ती काय मानसानं खायची वस्तू हाय? शेळीनं खावी. माज्या रानात मी उभ्या जल्मात सलगम लावलं न्हाई, आन् लावनारबी न्हाई."

यूलिस हसायचा, हसता हसता खोकायचा, नाकातून रक्त यायचं. अर्लीथा फडक्यानं पुसायची, फडकं पुरं पडलं नाही की हातानं. हात फुटलेले, लाकडं फोडून आणि तारा ओढून बोटांना चिरा गेलेल्या. तेव्हा तिला काही सुचलं नाही. भाऊ होता.

ईस्टरसाठी त्यानं अर्लीथाच्या लेकीचा, सहा वर्षांच्या ट्वायलाचा पिवळा झगा अंथरुणात बसून शिवला. दोन आठवडे लागले. ट्वायला तो घालून चर्चमध्ये गेली, आणि पुढच्याच गुरुवारी यूलिस गेला. अंत्यविधीवाल्यानं निरोप धाडला, शवपेटी देतो, पण अंगाला हात लावणार नाही. तेव्हा मोझेलमावशी बाह्या सारून आत आली. म्हणाली, "आनला मी, धाडतेबी मीच." दोघींनी मिळून त्याला धुतला, त्यानंच शिवलेला निळा सदरा घातला. पुरताना वीसेक माणसं होती. एरवी दोनशे असती.

जुलैत तंबाखूची तोड सुरू झाली. पहिला सोमवार अर्लीथाचा.

सकाळी पाचालाच पुरुष ओळींत शिरले. खालची पिवळसर पानं आधी तोडायची, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून. दव असेतो अंग भिजायचं, दव गेलं की घामानं भिजायचं. पानं काखेत धरून फरफटगाडीत टाकायची. छपराखाली बायका उभ्या. तिघी-तिघी पानं जुळवून द्यायच्या, एक जण दोऱ्यानं काठीला बांधायची. मोझेलमावशीचा हात बांधणीला असा चालायचा की देणाऱ्या मागं पडायच्या. दहापर्यंत सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळ्या चिकानं माखले. तो चीक साबणानं निघत नाही. हिरवा टोमॅटो फोडून चोळावा लागतो.

एरवी छपराखाली गप्पांना ऊत यायचा. त्या दिवशी सगळ्याजणी पानांकडंच बघत होत्या.

बाराला अर्लीथानं फळ्या मांडल्या. चार कोंबड्या, घेवडा, कणसं, टोमॅटो, गोड चहाची घागर, आणि मधोमध दोन तवे मक्याचा पाव. पहाटे तीनपासून ती चुलीपुढं होती. सगळे टोमॅटो चोळून, हात धुऊन आले. दर वर्षी मोझेलमावशी पहिली बसायची, प्रार्थना म्हणायची, पावाचा पहिला तुकडा मोडायची.

त्या दिवशी मावशी आपल्या गाडीकडं गेली. कागदी पिशवी घेऊन आली. पिशवीत घरून आणलेला पाव आणि मांसाचा तुकडा, बाटलीत घरचं पाणी, आणि स्वतःचा पत्र्याचा पेला. छपराच्या पार दुसऱ्या टोकाला एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"मावशी, हिकडं या की," अर्लीथा म्हणाली.

"बरं हाय हितंच. वारा हाय."

वारा कुठला? पानसुद्धा हलत नव्हतं. ट्वायला पळत मावशीच्या मांडीवर बसायला गेली, तर मावशीनं हात आडवा केला. "न्हाई गं, आज न्हाई. अंग चिकट झालंय माजं." पोर तशीच उभी राहिली.

डीकनच्या दोन्ही सुनांनी मावशीकडं पाहिलं, मग एकमेकींकडं. एकीनं कणीस घेतलं. दुसरी म्हणाली, सकाळी उशिरा खाल्लंय, पोट भरलंय. पुरुषांनी थोडं चिवडलं. मक्याच्या पावाला कुणी हात लावला नाही. हातानं मळलेली वस्तू होती ती.

पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या हातात कागदी पिशव्या होत्या. ओळीनं खिळ्याला टांगलेल्या.

थर्मन रात्री म्हणाला, "खायाचं न्हाई तर ऱ्हाऊ दे. पानं तर बांधली की समद्यांनी."

"पानं बांधली. अन्न डुकरांना घातलं मी. माज्या हातचं."

"हुईल सारं नीट."

"थर्मन, मोझेलमावशीनं माजी नाळ कापली हाय. ती माज्या हातचं खाईना. मग काय तरी असंल की."

हेच तर होतं. अर्लीथाला लोकांचा राग आला होता, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती जास्त मोठी होती. तिला आपली चिरलेली बोटं दिसायची. तिनं ट्वायलाची वेणी घालणं सोडलं. पोरीचे केस दाट, दर शनिवारी दोन गुडघ्यांत तिला धरून बसायचं, तेल चोळायचं, भांग पाडायचा, तासभर वेण्या घालायच्या. आता ते काम थर्मनकडं आलं. नांगरावरचा हात तो. एक वेणी उत्तरेला, एक दक्षिणेला. चर्चमध्ये पोरं ट्वायलाला हसायची, आणि ती घरी येऊन विचारायची, "आई, तू का घालत न्हाईस?" अर्लीथा म्हणायची, हाताला चीक हाय बाळा. रविवारी कसला आलाय चीक?

तालुक्याच्या गावात कपडे धुवायच्या दुकानात एक कागद चिकटवला होता. आरोग्य खात्याचा. रक्त तपासून मिळेल. नाव विचारलं जाणार नाही. पत्ता विचारला जाणार नाही. फक्त नंबर. दर मंगळवारी दुपारी, मागच्या दारानं.

नाव विचारणार नाहीत हे ठीक. पण गाडीचं काय? थर्मनची पिकअप गाडी फिकी निळी, आणि एक दार तांबडं, दुसऱ्या गाडीचं बसवलेलं. ती आरोग्य खात्यापुढं पाच मिनिटं उभी राहिली असती, तर संध्याकाळी चार चर्चांत प्रार्थना झाली असती. त्या तालुक्यात माणसाचा चेहरा विसरतील, गाडी विसरायचे नाहीत.

मग अर्लीथाला युक्ती सुचली, आणि तिला वाटलं काय आपली अक्कल. गर्नी टॉमलिनचं बियाण्याचं दुकान आरोग्य खात्याच्या पाठीला पाठ लावून होतं. मध्ये फळ्यांचं कुंपण, आणि कुंपणाची एक फळी निखळलेली. गाडी बियाण्याच्या दुकानापुढं लावायची, आत जायचं, मागच्या अंगणातून फळी सारून पलीकडं. येताना काहीतरी घेऊन यायचं, म्हणजे झालं.

ऑगस्टच्या मधल्या मंगळवारी ती गेली. गर्नी म्हातारा गोरा माणूस, नाकावर चष्मा, बोलायला कंजूष.

"काय देऊ?"

अर्लीथानं हे ठरवलंच नव्हतं. ऑगस्टात पेरायचं ते काय? "सलगम," ती म्हणाली.

गर्नीनं तिच्याकडं चष्म्यावरून पाहिलं, डब्यात माप घातलं, कागदात पुडी बांधली. "यंदा सलगमला बरी मागणी आहे," एवढंच बोलला. अर्लीथाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला असेल. पुडी पिशवीत टाकून ती मागच्या दारानं निघाली, आणि गर्नीनं तिकडं पाठ करून खतांची पोती मोजायला घेतली.

फळीला हात लावला तर ती गुळगुळीत झालेली. तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

खोलीत पडदा, दोन खुर्च्या, एक टेबल. आणि टेबलामागं लेनोरा पेटवे. अर्लीथाला तिथूनच माघारी फिरावंसं वाटलं. लेनोरा नर्स आहे हे तिला ठाऊक होतं, पण मंगळवारी हीच बसत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. चर्चच्या गानवृंदात दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहात, वीस वर्षं. आठ दिवसांपूर्वी लेनोरानं तिच्याकडून हातपंखा मागून घेतला होता, तो अजून परत दिला नव्हता.

"बसा," लेनोरा म्हणाली.

"लेनोरा, मी—"

"नाव सांगू नका. इथं नाव विचारत नाहीत. बसा तुम्ही."

अर्लीथा बसली. लेनोरानं कागद पुढं ओढला. बाई की पुरुष, हेसुद्धा विचारूनच लिहिलं.

"वय?"

"चौतीस. तुला ठाव—"

"चौतीस. लग्न झालंय?"

"झालंय. बारा वर्सं झाली. तूच तर गायलीस लग्नात, आन् वरच्या पट्टीत घसरलीस."

लेनोराची पेन्सिल थांबली. "मी इथं कुणाच्या लग्नात गात नाही. तपासणी कशासाठी करून घ्यायची आहे?"

"भावाची सेवा केली. त्येचं रगात पुसलं. हात फुटलेले हुते." अर्लीथानं हात टेबलावर ठेवले. काळे, चिकाचे, चिरांत चीक भरलेला. "तो गेला."

लेनोरा त्या हातांकडं बघत राहिली. पुरायला आलेल्या वीस माणसांत ती होती, आणि थडग्याशी एकटी तीच गायली होती. "वाईट झालं," ती म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं, पण आवाज जड होता. "केव्हा?"

"एप्रिलात, शेवटाला."

"म्हणजे तीन महिने होऊन गेले. त्याआधी रक्तात दिसत नाही. बरं. दंड पुढं करा."

रक्त काढता काढता ती सांगत होती. एका ताटात जेवल्यानं हे होत नाही. मिठी मारल्यानं नाही, केस विंचरल्यानं नाही. पाव मळल्यानं नाही.

"मी पावाचं कुटं काय बोलले?"

"मी सगळ्यांनाच सांगते."

नळीवर लेनोरानं नंबर चिकटवला. तसाच नंबर एका चिठ्ठीवर, ३१८. "दोन आठवड्यांनी या. ही चिठ्ठी आणली तरच निकाल. चिठ्ठी नाही तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"तू मला पाळण्यात असल्यापासनं वळखतीस."

"मंगळवारी नाही," लेनोरा म्हणाली.

घरी येऊन अर्लीथानं सलगमचं बी कुठं टाकावं म्हणून कोठाराच्या कडेला फेकलं. थर्मन म्हणाला, हे काय? ती म्हणाली, सलगम. त्यानं पुढं विचारलं नाही. तो शहाणा माणूस होता, अशा वेळी वेण्या घालायला बसायचा.

ते दोन आठवडे काय सांगावे. चिठ्ठी तिनं गाण्याच्या पुस्तकात ठेवली, मग तिथून काढून पिठाच्या डब्याखाली, मग झग्याच्या आत. घामानं आकडे पुसतील म्हणून परत पुस्तकात. दोन रविवार ती लेनोराच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्या तोंडाकडं चोरून बघत राहिली. काही कळतंय का? लेनोरा हसली तर वाटायचं, चांगलं आहे. लेनोरानं उसासा टाकला की वाटायचं, संपलं. एकदा लेनोरा कानाशी वाकली. अर्लीथा ओळ गायची विसरली.

"गप पुढं बघ की," लेनोरा कुजबुजली. "पादरीबाबाला वाटंल, माज्या तोंडाला काय लागलंय."

तंबाखूचे दोन सोमवार गेले. पिशव्या खिळ्याला टांगल्याच. मावशी बादलीवरच. अर्लीथा तरी जेवण रांधायचीच. रीत होती. थर्मन, ट्वायला आणि ती जेवायची, उरलेलं डुकरांना. डुकरं त्या साली अशी माजली की डिसेंबरात उचलायला चार माणसं लागली.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ती परत गेली. गर्नीनं न विचारता सलगमच्या डब्यात माप घातलं.

लेनोरानं चिठ्ठी घेतली, वहीत बोट फिरवलं. सावकाश. अर्लीथाला त्या बोटाचा राग आला.

"तीनशे अठरा," लेनोरा म्हणाली. "तुमच्या रक्तात तो रोग नाही."

"न्हाई म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही. तुम्ही ठीक आहात."

अर्लीथा टेबलावर डोकं टेकून रडली. यूलिस गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा कामं होती. लेनोरा टेबलाच्या पलीकडंच बसून राहिली. तिनं रुमाल पुढं सारला आणि आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

मग अर्लीथानं नाक पुसलं. "कागद दे मला."

लेनोरानं कागद दिला. ३१८, खाली तारीख, खाली 'आढळला नाही'.

"ह्यावर माजं नाव घाल."

"मला तुमचं नाव माहीत नाही."

"लेनोरा, ऐक माजं. ह्यो कागद मी कोठाराच्या दाराला ठोकनार हाय. पिशव्यांच्या खिळ्यालाच. समद्यांनी बघू दे. पर नाव न्हाई तर त्ये म्हनतील, कोन तीनशे अठरा? कुनाचंबी असंल."

"नाव असतं तर तुम्ही आला असता का?"

अर्लीथानं कागदाची घडी घातली.

"हा कागद दाराला ठोकायला नाही," लेनोरा म्हणाली. "घरी जा. लेक असेल तर तिचे केस विंचरा." मग जीभ चावून म्हणाली, "लेक असेल तर."

त्या संध्याकाळी अर्लीथानं चार टोमॅटो फोडून हात चोळले, मंगळवार असूनही ट्वायलाला गुडघ्यांत घेतलं आणि थर्मनच्या सगळ्या वेण्या सोडल्या. दीड तास लागला. पोर झोपून गेली तरी ती भांग पाडतच राहिली. थर्मन दारात उभा होता. "लई बेस," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन उगाचच कोठाराची कडी बघून आला. रविवारी ती चर्चमध्ये अशी गायली की लेनोरानं कोपर मारलं, "आवाज जरा खाली घे, छप्पर जुनं हाय." आणि पंखा परत दिला.

पण सावडीचा शेवटचा सोमवार आला, तेव्हा पिशव्या होत्याच. कागद अर्लीथाच्या झग्याच्या खिशात होता. दहा वेळा हात तिकडं गेला. काढून दाखवायचं काय? आकडा? तिनं मावशीकडं पाहिलं. मावशी बादलीवर बसून पावाकडं बघत होती. नजरानजर झाली तशी मावशीनं मान वळवली. अर्लीथाला वाटलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाळ कापलेली बाई, आणि माझ्या तव्याकडं असं बघते. शेवटची काठी कोठारात चढली, आणि मावशी निरोप न घेता निघून गेली.

ऑक्टोबरात हवा पालटली. तंबाखू विकून झाली, रानं मोकळी पडली. मावशीच्या पन्नास काठ्या अर्लीथाकडं राहिल्या होत्या. सावडीतली वस्तू हिवाळ्याआधी परत करायची, मग मनात काही असो. थर्मन म्हणाला, मी देतो टाकून. अर्लीथा म्हणाली, नको, मीच जाते, मला तिच्या तोंडावर एकदा विचारायचंय.

रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. डीकन रॉयस्टरचं घर आलं. त्यांच्या मांस धुरावायच्या खोपटामागं हिरवंगार काहीतरी दिसलं. सलगम. डीकनकडं? तिनं गाडी हळू केली. पुढं शाळामास्तरांचं घर, फुलझाडांच्या वाफ्यात सलगम. पुलापलीकडं पोस्टातली एक विधवा बाई, तिच्या दाराशी टबात सलगम. पेट्रोलपंपामागं सलगम. त्या भागात सलगम कुणी लावत नाही असं नाही, पण इतकं? ह्या साली काय सगळ्यांना येड लागलं होतं?

मग तिला गर्नी आठवला. चष्म्यावरून बघणारा. आणि ती गुळगुळीत फळी. अर्लीथानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. आधी तिला हसू आलं. भरल्या तालुक्यात एकटीचीच अक्कल म्हणून मिरवत होती ती. मग डोळे भरून आले. कुणाकुणाच्या घरात काय काय भीती होती, आणि सगळे रविवारी एकमेकांशेजारी उभे राहून 'छाती'साठी प्रार्थना करत होते.

मोझेलमावशीच्या घरापाशी ती पोचली. घराच्या दक्षिणेला, जिथं मावशी दर वर्षी कोबीची रोपं लावायची, तिथं सगळं सलगमच होतं. एक पुडी नव्हे, दोन पुड्यांचं.

मावशी पायरीवर बसली होती. अर्लीथानं काठ्या उतरवल्या. जुळवलेली वाक्यं सगळी गेली.

"मावशी, तुमी सलगम लावलं?"

"गर्नीकडं ऑगस्टात दुसरं काय मिळतंय?"

कोंबड्या काठ्यांवर चढल्या.

"तुमी कशापायी गेला हुता?" अर्लीथानं विचारलं.

"कशापायी म्हंजे? त्येला तू एकटीनंच धुतला व्हय? माज्या आंगठ्याला चीर गेली हुती, कोबी चिरताना. पुरल्यावर ध्येनात आलं." मावशीनं आंगठा पुढं केला. तिथं आता काही नव्हतं. "पैल्यांदा जूनमधी गेले, तर लेनोरा म्हनली तीन महिनं होऊ द्यात. तीन महिनं. मग ऑगस्टच्या शेवटाला रगात दिलं, निकाल हंगाम सरल्यावर. समदा हंगाम गेला. मी कुनाच्या ताटाला हात लावू? पाव पैला मी मोडते, माज्या हातानं समद्यांना देते. तुजी पोर मांडीवर येती. म्हनून पिशवी आनली."

अर्लीथा खालच्या पायरीवर बसली.

"मला वाटलं, तुमी मला—"

"ठाव हाय मला, तुला काय वाटलं. समद्यांनाच त्ये वाटलं. माजं बघून त्या बायांनी पिशव्या आनल्या, आन् मी बघत बसले. बोलले असते तर तुजी अब्रू राखली असती. पर मग माजी गेली असती. मी भ्याले, अर्लीथा. एवढी तोंडाळ बाई, आन् तोंडच उघडलं न्हाई. त्येची लाज वाटती मला."

अर्लीथाला तिचा राग यायला हवा होता. आलाही थोडा. दोन महिने तिनं पोरीच्या केसांना हात लावला नव्हता. पण बादलीवर एकटी बसलेली, स्वतःच्या पेल्यातून पाणी पिणारी, तव्याकडं बघणारी ती म्हातारी आता तिला दुसरीच दिसत होती. तिनं मावशीचा तो आंगठा हातात घेतला आणि धरून ठेवला.

"आन् आता?" तिनं विचारलं. "निकाल?"

मावशी हात सोडवून उठली, सलगमच्या वाफ्यात वाकली आणि ओच्यात पाला खुडायला लागली. ओचा भरला तशी म्हणाली, "खारं मांस घरात हाय. तवा चुलीवर हाय. पीठ फळीवर. भाजी मी करते, पाव तू कर. मोडनार मी, आता भ्या न्हाई. तुज्या हातचा पाव खाऊन लई दिस झाले."

अर्लीथानं हात धुतले आणि पीठ मळलं. चरबी तडतडली, पाव फुगला. मांसाबरोबर पाला शिजत होता, त्याचा उग्र वास घरभर झाला. दोघी टेबलाला बसल्या. मावशीनं प्रार्थना म्हटली, तिच्यात यूलिसचं नाव घेतलं, छातीचं नाही. मग पाव हातात घेऊन मोडला आणि पहिला तुकडा अर्लीथाच्या ताटात ठेवला.

स्वतः तिनं भाजीचा घास घेतला. चावला. तोंड वाकडं केलं.

"शेळीचीच वस्तू हाय," ती म्हणाली. "यूलिस येडा हुता."

आणि डोळे पुसून तिनं ताट पुढं केलं, आणखी वाढ म्हणून.